बीबीए एलएलबीत नेमकं काय शिकतात, आणि दोन्ही अर्धवट राहतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारावी कॉमर्स झाली आहे, बीके (बुक-कीपिंग) आणि एसपीत (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस) चांगले गुण आहेत, पाच वर्षांच्या बीबीए एलएलबीला, म्हणजे व्यवस्थापन आणि कायद्याच्या जोडपदवीला, प्रवेश मिळतो आहे. घरी काकांचं म्हणणं, "धड ना मॅनेजर, धड ना वकील. त्यापेक्षा आधी बीबीए कर, मग वाटलं तर तीन वर्षांचं एलएलबी." तेव्हा या पाच वर्षांत शिकवतात तरी काय? आणि जाता जाता, बीकेची पुस्तकं रद्दीत द्यायची का?

मला या क्षेत्रात १८ वर्षं झाली. बहुतेक काळ व्यापारी दाव्यांची वकिली, मधली चार वर्षं एका कंपनीच्या विधी विभागात नोकरी. माझ्याकडे ज्युनिअर येतात ते दोन्ही वाटांनी आलेले असतात, त्यामुळे काकांचा मुद्दा मला नवा नाही. तो अगदी चुकीचाही नाही. पण काकांना विषयांच्या यादीशी देणंघेणं नसावं. त्यांची खरी शंका ही, की दोन विषय एका छताखाली राहिले म्हणून ते एकमेकांशी बोलतात का? माझा अनुभव सांगतो की वर्गात फारसे बोलत नाहीत. अकाउंटन्सीच्या सरांना दावा लावायची मुदत ठरवणाऱ्या लिमिटेशन अ‍ॅक्टशी काही घेणं नसतं, आणि करार कायदा शिकवणाऱ्या मॅडम ताळेबंद उघडत नाहीत. सांधा जोडायचं काम विद्यार्थ्यावर पडतं. ज्यानं ते केलं त्याला या पदवीनं भरपूर दिलं, ज्यानं नाही केलं त्याच्या बाबतीत काका बरोबर ठरले.

आधी प्रमाण समजून घ्या. नावात बीबीए पहिलं असलं तरी ही मुळात कायद्याची पदवी आहे. वकिली आणि कायद्याच्या शिक्षणाचं नियमन करणाऱ्या बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या २००८ च्या नियमांत कायद्याचे २० विषय सक्तीचे आहेत, त्यावर प्रात्यक्षिक स्वरूपाचे ४, आणि मग ऐच्छिक. व्यवस्थापनाचा भार पहिल्या दोन-अडीच वर्षांत जास्त असतो: व्यवस्थापनाची तत्त्वं, अर्थशास्त्र, फायनान्शियल अकाउंटिंग, मार्केटिंग, मनुष्यबळ, थोडी संख्याशास्त्राची ओळख. त्याच्या जोडीला करार आणि टॉर्ट (करार नसतानाही केलेल्या नुकसानीची भरपाई) सुरू होतात. तिसऱ्या वर्षापासून कायद्याचं पारडं जड होतं आणि शेवटच्या दोन वर्षांत जवळजवळ फक्त कायदाच उरतो. कुठल्या सेमिस्टरला काय, हे विद्यापीठागणिक बदलतं, म्हणून प्रवेशाआधी त्या कॉलेजचा अभ्यासक्रम मागून घ्या आणि तो स्वतः वाचा. माहितीपत्रकातल्या फोटोंवरून काही कळत नाही.

एक गोष्ट मात्र कॉलेजागणिक बदलत नाही आणि प्रवेशाच्या वेळी कोणी आवर्जून सांगतही नाही. बार कौन्सिलच्या नियमांनुसार या जोडपदवीतून मधेच बाहेर पडता येत नाही. तीन वर्षं झाली, कायद्याचा कंटाळा आला, तर बीबीए घेऊन निघतो, असं म्हणायची सोय नाही. मधल्या वर्षात थेट प्रवेशही नाही. काकांच्या वाटेनं सहा वर्षं लागतात, पण तीन वर्षांनंतर एक पदवी हातात असते. तुमच्या वाटेनं पाच वर्षं लागतात, पण ती पाचही पुरी करावी लागतात. कायदा आवडेल की नाही याची तुम्हाला स्वतःलाच खात्री नसेल, तर काकांचं ऐकणं शहाणपणाचं आहे. हे मी गमतीत म्हणत नाही.

आता मूळ प्रश्न, शिकतात काय. विषयांची नावं वाचून काही हाती लागायचं नाही, म्हणून तुमच्या बीकेपासूनच सुरुवात करतो.

अकाउंट्सच्या पहिल्या काही तासांत सांगतात की व्यवसाय वेगळा आणि मालक वेगळा. म्हणून तर मालकानं घातलेलं भांडवल ताळेबंदात देण्यांच्या बाजूला बसतं. पुढे कंपनी कायद्यात सालोमन यांचा खटला येतो. लंडनचे हे चामड्याच्या बुटांचे व्यापारी. त्यांनी आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीला विकला. बायको आणि पाच मुलांकडे एकेक शेअर, बाकी जवळजवळ सगळे यांचे. कंपनी बुडाली तेव्हा धनको म्हणाले, कंपनी म्हणजे सालोमनच, त्यांच्याकडून वसूल करा. हाऊस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं, १८९६ मध्ये सांगितलं, कंपनी ही स्वतंत्र व्यक्ती आहे, तिची देणी तिची. हुशार विद्यार्थी इथं खूश होतो: अरे, हे तर अकाउंट्समध्ये शिकलो तेच!

पण ते तेच नाही, आणि या पदवीचा खरा अभ्यास इथून सुरू होतो. अकाउंट्सवाल्यांना मालक आणि व्यवसाय सगळीकडेच वेगळे दिसतात, अगदी एकट्याच्या दुकानातही. कायद्याला एकट्याच्या दुकानात दोन व्यक्ती दिसत नाहीत. तिथं दुकान म्हणजे फक्त एक नाव. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३०, नियम १० नुसार त्या नावानं मालकावर दावा लावता येतो, पण मालकाला त्या नावानं दावा लावता येत नाही, स्वतःच्याच नावानं लावावा लागतो. हुकूमनामा (न्यायालयाचा वसुलीचा आदेश) झाला की वसुली त्याच्या राहत्या घरापर्यंत पोहोचू शकते, मग वह्यांमध्ये भांडवल खातं कितीही नीट वेगळं ठेवलेलं असो. याच्या उलट, कंपनीचा एकमेव खरा मालक कंपनीच्या खात्यातून मुलीच्या लग्नाचा खर्च करतो आणि म्हणतो, "कंपनी माझीच तर आहे." तिथं मात्र कायदा त्याला अडवतो. एकाच वाक्याला दोन विषय कुठे एकत्र मान डोलावतात आणि कुठे हात वर करतात, हे ज्याला कळलं त्याचं पहिलं वर्ष सार्थकी लागलं.

दुसरं उदाहरण माझ्या सगळ्यात आवडीचं, कारण त्यातूनच माझी निम्मी वकिली चालते. एक अशील आले. माल दिलेला, बिलं थकलेली, रक्कम मोठी. वह्या चोख. खतावणीत समोरच्याच्या नावावर येणं दरवर्षी पुढे ओढलेलं, लेखापरीक्षकाची सही. अशिलांच्या मते यापेक्षा मोठा पुरावा कुठला? मी पहिला प्रश्न विचारला: शेवटचं बिल कधीचं? साडेतीन वर्षांपूर्वीचं. लिमिटेशन अ‍ॅक्ट १९६३ प्रमाणे विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. खतावणीत येणं ठणठणीत जिवंत होतं, कायद्यात ते सहा महिन्यांपूर्वीच मुदतबाह्य झालेलं. बुडीत म्हणून लिहून टाकेपर्यंत हिशेबाच्या वहीत येणं मरत नाही. कायद्यात ते दिनदर्शिकेवर मरतं.

मग मी दुसरा प्रश्न विचारला: ऑडिटच्या वेळी पार्टीकडून बॅलन्स कन्फर्मेशन घेता का? त्यांच्या मुनीमांनी फाइल काढली. समोरच्याच्या सहीचं, आदल्या वर्षीचं, म्हणजे मुदत संपण्याआधीचं पत्र निघालं: "आमच्याकडून आपणास इतके रुपये येणे आहेत, हे मान्य." मुनीमांसाठी तो लेखापरीक्षकाची कटकट मिटवायचा कागद. माझ्यासाठी ती लिमिटेशन अ‍ॅक्टच्या कलम १८ खालची कर्जाची लेखी कबुली, आणि कबुलीच्या तारखेपासून मुदत नव्यानं मोजायची असते. दावा वाचला. हीच गोष्ट पुढे ताळेबंदालाही लागते. कंपनीनं ताळेबंदात दाखवलेलं देणं ही कबुली ठरू शकते, असं सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये बिशल जयस्वाल प्रकरणात सांगितलं. मात्र त्या नोंदीखाली टिपा काय लिहिल्या आहेत तेही पाहावं लागतं. त्या टिपा वाचायला कोण शिकवतं? अकाउंट्सचा वर्ग. त्यांचं काय करायचं ते कोण शिकवतं? कायद्याचा. मधलं तुम्ही.

माझ्याकडे आलेल्या, निव्वळ कायदा शिकलेल्या काही चांगल्या मुलांना ताळेबंद समोर ठेवला की घाम फुटतो. ते सरळ शेवटच्या पानावरच्या सहीकडे जातात. बीबीए एलएलबीची मुलं निदान टिपांपर्यंत पोहोचतात. फरक दिसतो तो इथं. नादारी आणि दिवाळखोरी संहिता २०१६ आल्यापासून हा फरक आणखी ठळक झाला आहे. तिथं पैसे थकवणाऱ्या कंपनीविरुद्ध अर्ज करायला थकबाकी किमान १ कोटी लागते (२०२० पर्यंत ही मर्यादा १ लाख होती), पण माल पुरवणाऱ्याची थकबाकी असेल तर आधी मागणीची नोटीस, दहा दिवसांची वाट, आणि समोरच्यानं "या मालाबद्दल आमचा वाद आधीपासूनच आहे" असं खरोखर दाखवलं की अर्ज फेटाळला जातो. तो वाद कुठे सापडतो? डेबिट नोटेत, माल परत पाठवल्याच्या चलनात, ईमेलमध्ये. म्हणजे पुन्हा धंद्याच्या कागदांत.

भागीदारीबद्दल दोन शब्द. बीकेत "भागीदाराचा मृत्यू" नावाचं प्रकरण तुम्ही सोडवलं आहे: नावलौकिकातला वाटा, पुनर्मूल्यांकन, वारसांचं कर्ज खातं. उदाहरण सुटतं, पेढी पुढे चालू राहते. भारतीय भागीदारी कायदा १९३२ चं कलम ४२ सांगतं की वेगळा करार नसेल तर भागीदाराच्या मृत्यूनं पेढीच विसर्जित होते. आणि भागीदार दोघंच असतील तर करारात काहीही लिहा, एक गेल्यावर पेढी उरतच नाही, कारण एकट्याची भागीदारी होत नाही. हे सर्वोच्च न्यायालयानं १९६५ मध्येच स्पष्ट केलं आहे. दोन भावांच्या पेढ्या आपल्याकडे ढिगानं आहेत. त्यातल्या कितींना हे ठाऊक असेल? कलम ६९ तर आणखी कडू आहे. नोंदणी नसलेल्या पेढीला कराराच्या जोरावर तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही, आणि दावा लावल्यानंतर धावत जाऊन नोंदणी केली तरी त्या दाव्याला ती उपयोगी पडत नाही. मी अगदी नवखा असताना पेढीचा नोंदणीचा दाखला न मागताच दावा दाखल केला होता. काढून घ्यावा लागला. मुदत शिल्लक होती म्हणून निभावलं, नाहीतर अशिलाचे पैसे माझ्यामुळे बुडाले असते.

"मला कॉर्पोरेटमध्ये जायचंय, मग कुटुंब कायदा कशाला?" ही तक्रार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या सगळ्या मुलांची असते. वर दोन भाऊ आले, तिथंच उत्तर आहे. त्या भावांपैकी एक गेला की त्याची बायको, मुलगा आणि २००५ च्या दुरुस्तीनंतर जन्मानंच समान हक्कदार झालेली मुलगी, सगळे तुमच्या ऑफिसात बसलेले असतात, आणि प्रश्न असतो की कारखान्याची जागा पेढीची, एकत्र कुटुंबाची की त्याची स्वतःची.

मार्केटिंग, मनुष्यबळ वगैरे विषयांबद्दल खरं सांगायचं तर ते वरवर होतात. त्यातून एमबीएची तयारी होईल अशी अपेक्षा ठेवू नका. पण कंपनीतल्या माणसाची भाषा कळायला ते पुरतात. विधी विभागात असताना माझ्याकडे मनुष्यबळ विभागानं एक करार पाठवला होता: नोकरी सोडल्यावर दोन वर्षं कुठल्याही प्रतिस्पर्ध्याकडे काम करायचं नाही. त्यांच्या दृष्टीनं माणूस टिकवण्याचा तो उपाय. करार कायदा १८७२ चं कलम २७ अशा बंधनाला मुळातच शून्य मानतं. माझा एक सहकारी "हे अवैध आहे" एवढा शेरा मारून मोकळा झाला. त्यानं कोणाचंच काम झालं नाही. त्यांना नेमकं काय वाचवायचं आहे हे विचारलं तेव्हा कळलं, ग्राहकांची यादी आणि दरपत्रक. मग गोपनीयतेचं कलम नीट लिहून दिलं, तसं कलम टिकण्याची शक्यता कितीतरी जास्त. समोरच्याचा खरा प्रश्न काढून घ्यायची सवय ही मला व्यवस्थापनाच्या पुस्तकांची देणगी वाटते, कायद्याची पुस्तकं ती देत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं, जे कुठल्याच विषयाच्या नावात नसतं: वाचन. कायदा वाचायचा म्हणजे त्याचा मूळ मजकूर, म्हणजे बेअर अ‍ॅक्ट वाचायचा, गाईड नाही. व्याख्येचं कलम आधी, मग मूळ कलम, मग परंतुक (कलमाची अट किंवा अपवाद), मग स्पष्टीकरण. "करील" आणि "करू शकेल" यांत दाव्याचा निकाल फिरतो. कलमांचे आकडे पाठ करून उपयोग नाही, ते बदलतात. १ जुलै २०२४ ला १८६० ची दंड संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता आली, आणि आख्ख्या देशाच्या तोंडी असलेलं चारसो बीस एका दिवसात ३१८(४) झालं. (शिवी म्हणून ते चालणार नाही, हे नक्की.) आयकराचा १९६१ चा कायदाही जाऊन २०२५ चा आला. ज्यांनी आकडे पाठ केले होते त्यांची धांदल उडाली. ज्यांनी कलमाची रचना वाचायला शिकून घेतलं होतं त्यांनी नवा बेअर अ‍ॅक्ट आणला आणि कामाला लागले. तुम्हाला सलग तीन तास बसून किचकट मजकूर वाचायचा मनापासून कंटाळा असेल, तर ही पदवी घेऊ नका. गणित टाळायला म्हणूनही इकडे येऊ नका, अकाउंट्स इथंही आहेच.

प्रात्यक्षिकाच्या चार विषयांत मसुदा लेखन, वकिली व्यवसायाची नीतिमत्ता, तडजोड आणि लवादाचे मार्ग, आणि अभिरूप न्यायालयासह (मूट कोर्ट) इंटर्नशिप येते. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला इंटर्नशिप किमान २० आठवड्यांची लागते. मुलं सगळे आठवडे मोठ्या शहरातल्या चकचकीत फर्ममध्ये घालवू पाहतात. माझा आग्रह असतो की त्यातले निदान काही तालुक्याच्या न्यायालयात, एखाद्या जुन्या वकिलांकडे घालवा. तिथं तुम्हाला कळेल की तुमची पदवी इंग्रजीत झाली, पण सातबारा, फेरफार, खरेदीखत, भागीदारीपत्र, साक्षीदाराचा जबाब हे सगळं मराठीत असतं. इंग्रजी शाळेतून आलेल्या माझ्या एका ज्युनिअरला "कैफियत" (प्रतिवादीचं लेखी उत्तर) म्हणजे काय ते विचारावं लागलं होतं. तुमचं शिक्षण मराठी माध्यमात झालं असेल तर पहिलं वर्ष जड जाईल, पुढे मात्र तेच तुमचं भांडवल ठरेल.

पदवीनंतरच्या एका फाट्याची कल्पना आत्ताच असलेली बरी. या पदवीची बरीच मुलं कंपनीच्या विधी विभागात जातात. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पूर्णवेळ पगारी नोकरी आणि वकिली एकत्र करता येत नाही, नोकरी धरली की सनद (वकिलीचा परवाना) निलंबित करून ठेवावी लागते. मीही ठेवली होती. परत आल्यावर ती पुन्हा चालू करून घेतली, पण चार वर्षांत न्यायालयातली ओळख आणि सवय दोन्ही पातळ झाली होती. त्याच्या बदल्यात कंपनी आतून कशी निर्णय घेते ते पाहायला मिळालं. सौदा वाईट नव्हता, पण तो सौदा आहे हे मला नोकरी धरताना कोणी सांगितलं नव्हतं.

काकांच्या वाटेबद्दल एवढं सांगतो: आधी बीबीए किंवा बीकॉम, मग वर्ष-दोन वर्षं कुठेतरी काम, आणि मग तीन वर्षांचं एलएलबी, अशा वाटेनं आलेली मुलं मला कित्येकदा जास्त पक्की वाटली आहेत. त्यांनी थकलेलं बिल प्रत्यक्ष पाहिलेलं असतं. नुसतं बीबीए आणि लगेच एलएलबी असेल तर मात्र एक वर्ष जास्त जातं एवढाच फरक मला दिसतो. कायद्याची ओढ पक्की असेल तर पाच वर्षांची वाट घ्या, दोन्ही विषयांच्या वह्या एकाच पिशवीत ठेवा, आणि प्रत्येक सेमिस्टरला स्वतःलाच विचारा की या सेमिस्टरला अकाउंट्सच्या वर्गात जे शिकलो त्याला कायद्याच्या वर्गात काय म्हणतात.

बीकेची पुस्तकं ठेवा. भागीदारीची प्रकरणं करार आणि भागीदारी कायदा शिकताना लागतील, विनिमयपत्राचं प्रकरण १८८१ चा निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट उघडाल तेव्हा. एसपीचंही ठेवा, शेअर, डिबेंचर आणि सभासदांच्या पत्रव्यवहाराचा भाग कंपनी कायद्याच्या आधी एकदा चाळायला बरा असतो. ओसीएमचं (वाणिज्य संघटन व व्यवस्थापन) दिलंत तरी चालेल.